फावल्या वेळाचं सूत

मागच्या हिवाळ्यात भाचीने मला पुण्यात हस्तकलेचं एक प्रदर्शन दाखवायला नेलं. एका दालनात काळीभोर घोंगडी टांगलेली होती. वरून पिवळा दिवा सोडलेला. माझा हात आपोआप तिच्या काठाकडं गेला. काठ उलटा करून बघितला, नाकाला लावला. लोकर आमच्याकडचीच होती आणि सूत हातचं होतं. गिरणीचं सूत बोटाखालून सरळ सरकतं. हातचं सूत मधेच जाड लागतं, मधेच बारीक, बोटाला थांबवतं.

शेजारी छापील पुठ्ठा होता. त्यावर दख्खनी मेंढीची माहिती, सनगर विणकराच्या गावाचं नाव, खड्ड्यातला माग, चिंचोक्याची खळ, सगळं व्यवस्थित दिलेलं. शेवटची ओळ अशी होती: धनगर स्त्रिया फावल्या वेळात लोकर कातून सूत तयार करतात.

मी ती ओळ दोनदा वाचली. भाची म्हणाली, "आत्या, काय झालं? चुकीचं लिहिलंय का?"

"दोन शब्द सोडले तर सगळं बरोबर आहे," मी म्हटलं.

त्या दोन शब्दांशी माझं भांडण आहे. ते तिथं उभ्याउभ्या मला मांडता आलं नाही. प्रदर्शनवाल्या मुली भल्या होत्या, पाणी विचारत होत्या, त्यांच्यावर कुठं ओरडायचं! म्हणून इथं मांडते.

माझी आजी, तिला आम्ही थोरली आई म्हणायचो, माण तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरून जन्मभर मेंढरांमागं हिंडली. दिवाळी झाली की वाडा उठायचा आणि घाट उतरून कोकणाकडं जायचा. पुरुष मेंढरं घेऊन पुढं, बायका घोड्यांवर संसार लादून मागं. घोड्यावर भांडी, पिठाची पिशवी, चालता न येणारी कोकरं, कोंबड्या आणि लहानपणी कधी कधी मीसुद्धा. थोरली आई घोड्याची दोरी खांद्यावर टाकून चालायची आणि तिचे दोन्ही हात टकळीला लागलेले असायचे. ओच्यात पिंजलेल्या लोकरीचे पेळू. टकळीला मांडीवर एक झटका द्यायचा, ती गरगरत खाली उतरायची, तोवर बोटांनी लोकर सोडत जायची. टकळी जमिनीला टेकायच्या आत वर घेऊन सूत गुंडाळायचं, की पुन्हा झटका. घाट संपेस्तोवर टकळी भरायची.

रस्त्याने जाणारा म्हणणार, बाई चालता चालता सहज काततेय. हा 'सहज' म्हणजे त्या 'फावल्या'चा धाकटा भाऊ.

मुक्कामाला पोचल्यावर तीन दगड मांडून चूल, पाणी, भाकरी. मेंढरांभोवती वाघूर लावायची, म्हणजे जाळीचं कुंपण. कोकरं सोडून पाजायची, मोजून परत कोंडायची. सगळी जेवली की कंदिलापाशी लोकर निवडायला बसायचं. थोरली आई झोपलेली मी लहानपणी बघितलेलीच नाही. मी झोपायचे तेव्हा ती बसलेली असायची आणि मी उठायचे तेव्हा भाकरी भाजलेली असायची.

आता दुसरी बाजू बघा. माझे आजोबा दुपारी बाभळीखाली घोंगडी टाकून, काठीवर हनुवटी ठेवून मेंढरांकडं बघत बसायचे. तेही काम होतं, मी नाही म्हणत नाही. नजर हलली की लांडगा कोकरू उचलायचा. पण 'धनगर पुरुष फावल्या वेळात मेंढ्या राखतात' असा पुठ्ठा कुणी छापलेला तुम्ही वाचलाय? बसलेल्या माणसाचं काम दिसलं आणि चालत्या बाईचं दिसलं नाही. तिने एका वेळी दोन कामं केली, म्हणून एक फुकटात धरलं गेलं.

कातणं म्हणजे काय, हे न कळल्यामुळं हा शब्द टिकला असंही मला वाटतं. म्हणून जरा सविस्तर सांगते. मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. एका मेंढीची एका वेळची लोकर अर्ध्या किलोच्या आतबाहेर. तिच्यात कुसळं, गोखरू, वाळक्या लेंड्या, माती आणि अंगाचा चिकटा. आधी हाताने निवडायची. मग धुवायची, वाळवायची, बोटांनी सोडवायची. मग कमानीवर पिंजायची, तेव्हा ती ढगासारखी फुलते. तिचे पेळू करायचे. इथपर्यंत सुताचा एक दोराही तयार झालेला नसतो. त्यानंतर टकळी नाहीतर चरखा. दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ, तिच्यात केसही मिसळलेले. लांब धाग्याची मऊ लोकर भराभर ओढता येते, आमची ओढली की तुटते. तिला पीळ किती द्यायचा हे बोटाला कळावं लागतं. कमी पडला तर मागावर ताणा तुटतो, जास्त पडला तर सूत वळवळतं, स्वतःभोवतीच गुंता करतं. जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर वेगळी ठेवायची. ती मऊ, तिची घोंगडी भारी. काळी वेगळी, करडी वेगळी, पांढरी वेगळी. एवढी सगळी अक्कल ज्या कामाला लागते त्याला फावल्या वेळाचं काम म्हणायचं, तर डॉक्टरही फावल्या वेळातच नाडी बघतात म्हणा.

आणि हा शब्द नुसता पुठ्ठ्यावर राहत नाही. तो तराजूत जाऊन बसतो.

मी चौथीत असेन. थोरल्या आईबरोबर आठवड्याच्या बाजाराला सूत घेऊन गेले होते. तिने चार महिने जमवलेलं सूत, जावळाचं, बारीक, एकसारखं. तिच्या शेजारी दुसऱ्या वस्तीवरची एक बाई बसलेली, तिचं सूत बोटाएवढं जाड, मधे कुसळं तशीच. व्यापाऱ्याने दोघींचं सूत एकाच काट्यावर, एकाच भावाने तोललं. जाड सूत वजनाला भरलं, तिला पैसे जास्त. वर थोरल्या आईच्या सुताला तो म्हणाला, "ओल धरलीय, म्हातारे. पावशेर कमी धरतो."

थोरली आई म्हणाली, "माझ्या घामाची आसंल ती ओल. ती बी कापतूस व्हय?"

आजूबाजूचे लोक हसले. व्यापारीही हसला आणि त्याने पावशेर कापलंच. येताना मला तिने भजी घेऊन दिली, स्वतः खाल्ली नाहीत. त्या दिवशी मला वाटलं, व्यापारी वाईट आहे. आता वाटतं, व्यापाऱ्यापेक्षा ती पद्धत वाईट होती. सूत वजनावर घेतलं की चांगलं कातणारीला शिक्षा होते. बारीक सूत काढायला वेळ दुप्पट आणि वजन निम्मं. म्हणजे जिचा हात चांगला तिने उपाशी राहायचं. मग बाया शहाण्या झाल्या, जाड कातायला लागल्या. पुढं लोकच म्हणाले, हल्लीच्या बायकांना पूर्वीसारखं कातता येत नाही.

मी शिकले, शिक्षिका झाले, साताऱ्यात राहिले. शाळेत मधल्या सुट्टीत बायका सुया घेऊन बसायच्या, त्यांच्याकडून मीही विणायला शिकले. सुलटा टाका, उलटा टाका. दुकानातून लोकरीचे गुंडे आणायचे; लोकर कसली, बहुतेक ॲक्रिलिकच. स्वेटर, टोपरी, मफलर, सगळ्या गोताला पुरवले. लोक कौतुक करायचे आणि मीही मान डोलवायचे. गुंडा कुठून आला याचा विचार माझ्याही डोक्यात आला नाही. धनगराची पोर असून! तेव्हा हे भांडण मी बाहेरच्यांशीच मांडतेय असं समजू नका.

निवृत्त झाले त्या वर्षी वस्तीवर गेले. धाकटा भाऊ अजून मेंढरं राखतो. वाड्यामागच्या ओघळीत काळंकाळं काहीतरी साचलेलं दिसलं. मला वाटलं, मेलेलं जनावर. जवळ जाऊन बघते तर लोकर. नुकत्याच झालेल्या कातरणीची सगळी लोकर ओघळीत फेकलेली, वर पाऊस पडून कुजायला लागलेली.

मी भावावर तोंड सोडलं. त्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "आक्का, कातरणाऱ्याला मेंढरामागं पैसं मोजायचं. लोकर न्यायला कोण येत न्हाई. आला तर दील त्यो भाव. कातायचं म्हणशील तर आयचं डोळं गेलं, माझी बायको मेंढरं बघंल का चरखा? तू सांग मग काय करू."

त्याचं खोटं नव्हतं. पानिपतची स्वस्त ब्लँकेटं गावोगावच्या बाजारात आली. आमची राठ लोकर अंगाला टोचते, ॲक्रिलिक टोचत नाही. मेंढी आता मटणासाठी पाळतात, आणि जत भागातली माडग्याळ मेंढी अंगाने मोठी, लोकरीला कमी, म्हणून लोक तिच्याकडं वळले. हे सगळं मला माहीत आहे. तरीही त्या ओघळीपाशी माझ्या पोटात कालवलं. दोन पोती भरून लोकर घेऊन आले. ठरवलं की भावासाठी थंडीचा एक मोठा अंगरखा विणायचा, पुऱ्या बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत लांब, डोक्यावर घोंगडीच्या खोळीसारखी टोपी जोडलेली. रात्री वाड्याची राखण करताना घोंगडीची खोळ सारखी घसरते, ही त्याची जुनी तक्रार. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं माझ्या हाताने करायचं. आणि प्रत्येक तास कॅलेंडरच्या मागं लिहायचा. शाळेतली सवय.

पहिली अर्धा किलो लोकर मी वायाच घालवली. चिकटा जाईना म्हणून कढत पाण्यात टाकून चोळली. गार झाल्यावर बघते तर घट्ट गोळा. लोकरीचा जेन झाला, पेळू कुठले निघणार! आई तेव्हा माझ्याकडंच होती, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मोतीबिंदूने डोळे अधू, पण बोटं शाबूत. ती म्हणाली, "कोमट पाण्यात बुडवायची आन गप बसायचं. लोकर चोळली का रुसती."

मग टकळी. पहिल्या महिन्याचं सूत मी अभिमानाने आईच्या हातात दिलं. तिने दोन बोटांत फिरवलं आणि म्हणाली, "ह्याला सुतळी म्हणत्यात. दावं वळायला ठीव." दुसऱ्या महिन्याचं बरं निघालं. त्याचा तुकडा विणून बघितला तर तो चौकोन व्हायच्या ऐवजी एका बाजूला तिरका पळायला लागला. एकपदरी सुताला पीळ जास्त झाला की विणलेलं कापड असं कलंडतं. मग दोन पदर उलट्या दिशेने एकत्र पिळायचे, तेव्हा पीळ पिळाला धरतो आणि टाका सरळ बसतो. म्हणजे जेवढं सूत लागणार त्याच्या दुप्पट कातायचं. हे मला विणायला बसल्यावर कळलं. आईला ते माहीत होतं, पण तिला वाटलं मलाही माहीत असणार. एवढी शिकलेली बाई!

दीड वर्षाने अंगरखा पुरा झाला. दीड किलो दुपदरी सूत लागलं. कॅलेंडरच्या मागचा हिशोब असा: निवडणं, धुणं, पिंजणं ५८ तास. कातणं ११२ तास. दोन पदर पिळणं २४ तास. विणणं ८६ तास. एकूण २८० तास. वाया गेलेली लोकर आणि दावं वळायचं सूत यात धरलेलं नाही.

तो हिशोब बघून मी बराच वेळ तशीच बसले. चाळीस वर्षं मी ज्याला स्वेटर विणणं म्हणत होते तो शंभरातला जेमतेम तीस-एकतीस भाग होता. उरलेले सत्तर भाग दुकानातल्या गुंड्यात लपलेले होते. घोंगडीचंही तेच आहे. आपण म्हणतो, विणकराची कला. म्हसवडचे एक म्हातारे सनगर आहेत, आमच्या घराशी जुना संबंध, त्यांना मी विचारलं. ते स्वतःच म्हणाले, "बाई, अडीच किलोची घोंगडी. ताणा, खळ, माग सगळं धरून माझं चार दिवस. सुताला किती जात्यात ते तुमच्या आईसनी इचारा." आईला विचारलं. ती म्हणाली, "निवडण्यापासनं धरलं तर चरख्यावर दिसाला पावशेर. जास्त कोण सांगत आसंल तर त्ये खोटं."

अडीच किलो भागिले पावशेर, म्हणजे दहा दिवस. विणकराचे चार. सनगराच्या कष्टाला मी कमी लेखत नाही. खड्ड्यात पाय सोडून बसणारा तोही अर्धपोटीच. पण त्याचं गाव निदान पुठ्ठ्यावर येतं. दहा दिवसवाली बाई मात्र फावल्या वेळात जाते.

आता त्या प्रदर्शनातल्या किमतीकडं येते. घोंगडीला ३,५०० रुपयांची चिठ्ठी होती. माझ्यासमोर एक बाई म्हणाली, "एका घोंगडीला एवढे?" आमच्याकडं बाईला खुरपणीचा रोज ३०० रुपये आहे. कातणारीला खुरपणाऱ्या बाईएवढाच रोज धरला, जास्त नको, तर नुसत्या सुताचे ३,००० होतात. उरलेल्या ५०० रुपयांत लोकर, विणकराचे चार दिवस, खळ, गाडीभाडं, दालनाचं भाडं आणि पिवळा दिवा बसतो का सांगा. बसत नाही. म्हणजे कुणीतरी पैसे घेतलेले नाहीत. कोण, ते पुठ्ठ्याने सांगूनच टाकलंय. फावल्या वेळाला मजुरी लागत नाही.

कुणी म्हणेल, कातणाऱ्याला रोज द्यायचा हे व्यवहारात बसत नाही. मग थोडा इतिहास सांगते. अखिल भारत चरखा संघ १९२५ साली निघाला. सुरुवातीला त्यांच्याकडंही हेच चालायचं: गरीब बाई रिकाम्या वेळात कातते, चार पैसे मिळाले तरी पुष्कळ. १९३५ साली गांधीजींनीच याला हरकत घेतली. कातणाऱ्याला तासाला एक आणा, म्हणजे आठ तासांचे आठ आणे पडावेत, असा त्यांचा आग्रह. तेवढे जमले नाहीत, पण संघाने पोटापुरती मजुरी हे तत्त्व मानलं आणि दर वाढवले. खादी महागणार, खपणार नाही, अशी ओरड तेव्हाही झाली. त्याच सुमारास वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबा आठ-आठ तास कातायला बसले आणि त्या मजुरीत माणूस जगतो का, हे स्वतःच्या पोटावर करून बघू लागले. फावल्या वेळाच्या कामावर असं कुणी आठ तास बसतं का? तेव्हाचे कार्यकर्ते सुताची लांबी, बारीकपणा, मजबुती बघून मजुरी द्यायचे. ते कापसाचं सूत होतं, आमचं लोकरीचं. पण बोटं तीच आहेत. कापूस कातणारीसाठी जे नव्वद वर्षांपूर्वी सुचलं ते मेंढीच्या मागं चालणारीसाठी अजून कुणाला सुचलेलं नाही. आमच्यासाठी सुचलं ते मेंढी सुधारणं. परदेशी मेंढे आणून लोकर मऊ करायचे सरकारी प्रयोग झाले. मेंढी सुधारायला निघालेल्या माणसाने कातणाऱ्या बाईला एकदा विचारायचं होतं, तुला काय मिळतं?

शहरातल्या मित्रमैत्रिणींना माझं सांगणं आहे. तुम्ही घोंगडी पाठीला टोचते म्हणून घेऊ नका, चालेल. महाग वाटते म्हणून घेऊ नका, तेही चालेल. गिरणीच्या सुताची घ्या, तीही वस्तूच आहे, फक्त तिला हातकताईची म्हणू नका. पण हातची हवी, जुनी हवी, नैसर्गिक हवी आणि वर स्वस्त हवी, हे चालायचं नाही. आणि 'परंपरा मरतेय हो' म्हणून भाषण करताना आमच्या पोरींकडं बोट दाखवू नका. माझी भाची कॉम्प्युटरवर काम करते. तिने टकळी हातात घेतली नाही, हे तिने बरोबर केलं. ज्या कामाला आजीला पावशेर कापून पैसे मिळाले ते काम नातीने का शिकावं?

आणि आमच्या माणसांनाही सांगते, कारण सगळा दोष पुण्यावर टाकून मोकळं होता येणार नाही. घोंगडी पवित्र, बिरोबाची घोंगडी, देवाच्या सदरेवर घोंगडी, लग्नाला घोंगडी. यात्रेत लोकर उधळायची. पण घरात कातणाऱ्या बाईच्या सुताचे पैसे कुणाच्या हातात जायचे? माझ्या आजोबांच्या. थोरल्या आईला त्यातून भज्यांपुरते सुटायचे, तेही बाजाराला ती स्वतः गेली तर. घोंगडीला नमस्कार करणाऱ्यांनी कातणारीच्या हातावर तिचे पैसे कधी ठेवले नाहीत. आता लोकर ओघळीत गेली म्हणून रडायचा हक्क आपल्याला किती, ते ज्याने त्याने बघावं.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. सूत वजनावर घेऊ नका. लांबी बघा, बारीकपणा बघा, नाहीतर सरळ दिवसाचा रोज द्या. पैसे कातणारीच्या हातात द्या. आणि पुठ्ठा छापायचाच असेल तर कातायला किती दिवस लागले आणि त्याचे किती दिले, हे विणकराच्या ओळीच्या वर छापा. हे लिहायला लाज वाटेल इतका आकडा लहान असेल, तर घोंगडी टांगू नका.

नुसतं बोलून सोडून दिलं असं नको म्हणून मागच्या कातरणीला एक गोष्ट केली. भावाला सांगून जावळाची लोकर ओघळीत जाऊ दिली नाही. वस्तीवर दोघी जणी आहेत ज्यांचा हात अजून चालतो. त्यांना खुरपणीचाच रोज ठरवला, पाच-पाच दिवस बसवलं. दोन चरखे माळ्यावरून काढले, चात्या गंजल्या होत्या त्या घासल्या. पहिल्या संध्याकाळी रोज हातावर ठेवला तेव्हा त्यातली एक म्हणाली, "बाई, बसून केल्यालं काम. ह्येचं पैसं घ्यायला कसंतरीच वाटतंय." या एका वाक्याने मला जेवढं दुखलं तेवढं त्या पुठ्ठ्याने दुखलं नव्हतं. तो शब्द तिच्याही तोंडात बसलाय. मी म्हटलं, "मी तीस वर्षं खुर्चीवर बसून पगार घेतला. मला कधी कसंतरी वाटलं नाही." ती हसली आणि पैसे कनवटीला लावले.

सुताचे ३,००० झाले. म्हसवडच्या नानांनी चार दिवसांचे सांगितले २,०००. ते मी घासाघीस न करता दिले. खळ आणि गाडीभाड्याचे आणखी ३०० गेले. लोकर भावाची. घोंगडी पडली ५,३०० रुपयांना. महाग आहे. वर्षाला मी एकच करू शकते आणि त्याने कुणाचं घर चालणार नाही, हेही मला कळतं. पण तिच्या किमतीत कुणाचा दिवस बुडालेला नाही.

अंगरखा भावाने नेला. पहिल्यांदा घातला तेव्हा म्हणाला, "आक्का, ह्यात मी अस्वलावानी दिसतूय." पण माघातल्या थंडीत राखणीला तोच घालून बसतो, असं वहिनी सांगते. कोपरापाशी एक टाका सुटलाय, तो मी जाऊन सांधणार आहे. दावं वळायला ठेवलेल्या सुतातलं थोडं तिथं चालेल.

नवी घोंगडी घरी आली त्या दिवशी आईच्या मांडीवर पसरली. तिने काठापासून काठापर्यंत हात फिरवला. कुठला भाग कुणी कातलाय ते तिला न बघता कळलं. दोघींची नावं तिने बरोबर सांगितली. मग विचारलं, "किती दिलंस त्यास्नी?"

मी आकडा सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "माझं किती झालं आसतं गं?"

आईने वयाच्या दहाव्या वर्षी टकळी धरली आणि सत्तराव्या वर्षी ठेवली. मी कॅलेंडर उलटं करून हिशोब मांडायला बसले. तो अजून पुरा झालेला नाही.